आरव्हीतल्या फ्रिजला वीज मिळत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे आत राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, विकत किंवा भाड्याने घेऊन फिरणाऱ्या मराठी घरांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. मुलांचं दूध, विरजलेलं दही, इडलीचं पीठ, चार दिवसांच्या भाज्या हे सगळं त्या एका फ्रिजच्या भरवशावर निघतं. तो यलोस्टोनच्या वाटेवर बंद पडला, तर जवळचा मेकॅनिक शंभर मैलांवर असू शकतो. विजेशी संबंधित बहुतेक बिघाड एका साध्या मल्टिमीटरने (व्होल्ट आणि ओहम मोजायच्या छोट्या यंत्राने) शोधता येतात, म्हणून आधी तो विकत घ्या आणि गाडीतच ठेवा.

माझ्या आरव्हीत कुठल्या प्रकारचा फ्रिज आहे?

तपासणीची सगळी दिशा यावर ठरते, त्यामुळे हे आधी पक्कं करा.

गाडीच्या बाहेरच्या भिंतीवर फ्रिजच्या मागे जाळीचं झाकण आहे, वर छपरावर किंवा भिंतीत दुसरी जाळी आहे आणि फ्रिजच्या पॅनेलवर ‘गॅस’ किंवा ‘ऑटो’ असं बटण आहे, तर तो अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज. डोमेटिक आणि नॉरकोल्ड ही यातली सर्रास दिसणारी नावं. यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन भरलेल्या बंद नळ्यांना खालून उष्णता द्यायची आणि त्यातून वर थंडावा मिळवायचा, अशी त्याची रचना असते. उष्णता १२० व्होल्टच्या हीटरची असो की गॅसच्या ज्योतीची, नळ्यांना फरक पडत नाही. काही लहान फ्रिजमध्ये १२ व्होल्टचा तिसरा हीटरही असतो.

गॅसचं बटणच नाही आणि मधूनमधून हलकी घरघर ऐकू येते, तर तो १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज. मोठ्या मोटरहोममध्ये घरातल्यासारखा दोन दारांचा फ्रिज असेल, तर तो १२० व्होल्टवर चालतो आणि प्रवासात त्याला इन्व्हर्टर वीज पुरवतो.

कॅम्पग्राउंडच्या खांबाला वायर जोडली आहे, एसी चालू आहे, मग फ्रिजचा एक दिवाही का लागत नाही?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज असेल तर उत्तर जवळजवळ नेहमी १२ व्होल्टकडे जातं. तापवायला १२० व्होल्ट लागो की गॅस, काय चालू करायचं आणि कधी थांबवायचं हे ठरवणारा कंट्रोल बोर्ड मात्र १२ व्होल्ट डीसीवर चालतो. ते १२ व्होल्ट नसतील तर खांबावर पुरेपूर वीज असूनही फ्रिज मेलेलाच राहणार, आणि गॅसची टाकी भरलेली असली तरी ज्योत पेटणार नाही. पॅनेल पूर्ण अंधारात असेल तर १२० व्होल्टची तपासणी बाजूला ठेवा. आधी १२ व्होल्ट शोधा.

ते येतात बॅटरीतून आणि कन्व्हर्टरमधून. कन्व्हर्टर म्हणजे खांबावरच्या १२० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारी आणि बॅटरी चार्ज करणारी पेटी. कन्व्हर्टर बंद पडला तर ते लगेच कळत नाही. बॅटरी एकटी भार ओढत राहते, एक-दोन दिवस सगळं ठीक वाटतं आणि मग दिवे मंद होऊन फ्रिज बंद पडतो. घरचे म्हणतात, ‘काल तर चालू होता!’ बिघाड मात्र परवाचा असतो.

तपासायच्या जागा अशा. दाराजवळचा बॅटरी डिसकनेक्ट स्विच कुणी बंद केलाय का? गाडी साठवणीतून काढली की हा हमखास बंद सापडतो. फ्यूज पॅनेलमध्ये ‘फ्रिज’ लिहिलेला फ्यूज शाबूत आहे का? डोळ्यांनी बघून ठरवू नका, काढून मल्टिमीटरवर लावा. त्याच पॅनेलमध्ये बहुतेक कन्व्हर्टरना ३० किंवा ४० अँपिअरचे दोन फ्यूज वेगळे असतात. बॅटरीच्या तारा क्षणभर जरी उलट जोडल्या गेल्या तरी हे दोन उडतात, आणि मग कन्व्हर्टर नीट असूनही त्याची वीज बॅटरीपर्यंत जात नाही. हिवाळ्यानंतर बॅटरी परत बसवल्यावर तक्रार सुरू झाली असेल, तर सुरुवात इथूनच करा.

१२ व्होल्ट नक्की कुठे मोजायचे?

फ्रिजच्या पाठीमागे, जिथे गाडीची वायर फ्रिजच्या टर्मिनलला येऊन मिळते तिथे. बॅटरीवर मोजून समाधान मानू नका.

हात घालण्याआधी खांबाचा प्लग काढा, जनरेटर आणि इन्व्हर्टर बंद करा, कारण त्याच कप्प्यात १२० व्होल्टचं सॉकेटही असतं. बाहेरचं खालचं जाळीचं झाकण काढलं की टर्मिनल दिसतात. मल्टिमीटर डीसीवर ठेवून धन आणि ऋण टर्मिनलमध्ये मोजा. विश्रांतीतली लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, अर्धी असेल तर १२.२ च्या आसपास, आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी समजा. मग तारांपासून दूर होऊन खांबाची वीज परत जोडा आणि बॅटरीच्याच टोकांवर मोजा. कन्व्हर्टर काम करत असेल तर आकडा १३ च्या वर चढायला हवा, बहुधा १३.६ च्या आसपास. चढला नाही, तर कन्व्हर्टर किंवा त्याचे फ्यूज.

वायरींच्या रंगावर विश्वास ठेवू नका. अनेक आरव्हींमध्ये १२ व्होल्टची धन वायर काळी आणि ऋण वायर पांढरी असते. मोटारीची सवय असलेला माणूस काळी म्हणजे ऋण समजतो आणि उलटं जोडून बसतो. मीटरने खात्री केल्याशिवाय एकही वायर हलवू नका.

बॅटरीवर १२.६ दिसतात, तरी फ्रिज ‘व्होल्टेज कमी’ म्हणून तक्रार का करतो?

कारण वाटेत व्होल्टेज सांडतं. चाळीत तळमजल्यावर नळ धो धो वाहतो आणि वरच्या मजल्यावर बारीक धार येते, तसंच हे आहे.

एक हिशोब करून बघू. १४ गेजची तांब्याची वायर, बॅटरीपासून फ्रिजपर्यंत २० फूट. करंटला जाऊन परत यायचं असतं, म्हणजे ४० फूट, आणि तिचा रेझिस्टन्स साधारण ०.१ ओहम. १२ व्होल्टचा हीटर १५ अँपिअर ओढत असेल तर वाटेतच दीड व्होल्ट गेले. बॅटरीवर १२.६, फ्रिजवर ११.१. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून दीड व्होल्ट गेले तर उष्णता पाचव्या हिश्श्याहून जास्त कमी होते. त्याच जागी १० गेजची, म्हणजे जास्त जाड, वायर टाकली तर घट ०.६ व्होल्टवर येते.

फक्त कंट्रोल बोर्डच १२ व्होल्टवर असेल तर करंट थोडाच लागतो, आणि तिथे वायरीच्या जाडीपेक्षा जोडांचा दोष जास्त असतो. सैल क्रिंप (वायरीवर दाबून बसवलेला जोड), गंजलेला स्क्रू, आणि सगळ्यात जास्त वेळा ऋण बाजूचं ग्राउंड. ऋण वायर गाडीच्या लोखंडी चासीला जिथे बोल्टने बसवलेली असते तिथे चाकांनी उडवलेलं पाणी आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ पोहोचतं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋणावर आणि दुसरं फ्रिजच्या ऋण टर्मिनलवर ठेवा, लांब वायर जोडून. फ्रिज चालू असताना तिथे शून्याच्या जवळ आकडा यायला हवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर जोड उघडा, तारेच्या ब्रशने घासून धातू चकचकीत करा, पुन्हा घट्ट बसवा.

इथे एक आग्रहाची गोष्ट. व्होल्टेज नेहमी भार चालू ठेवून मोजा. बंद उपकरणावर गंजलेला जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण करंट वाहत नसतो. अनेक फ्रिजचे बोर्ड साडेदहा व्होल्टच्या खाली काम थांबवतात. पाण्याचा पंप किंवा फर्नेसचा पंखा सुरू झाला की फ्रिज बंद पडत असेल, तर कारण इथेच आहे.

गॅसवर छान चालतो, पण १२० व्होल्टवर चालत नाही.

म्हणजे १२ व्होल्ट ठीक आहेत, बोर्डही जिवंत आहे. प्रश्न १२० व्होल्टच्या वाटेत किंवा हीटरमध्ये.

खालचं झाकण उघडून फ्रिजचा प्लग ज्या सॉकेटमध्ये आहे तिथे एखादा टेबल लॅम्प लावून बघा. लागला नाही तर मुख्य पॅनेलचा ब्रेकर पाहा, आणि मग सगळे जीएफसीआय सॉकेट. करंट गळू लागला की वीज तोडणारे हे दोन छोट्या बटणांचे सॉकेट बाथरूममध्ये, ओट्याजवळ किंवा बाहेरच्या भिंतीवर असतात. काही गाड्यांत फ्रिजचं सॉकेट त्यांच्याच मागे जोडलेलं असतं. बाहेरच्या सॉकेटमध्ये पावसाचं पाणी गेलं, जीएफसीआय पडला आणि फ्रिजची वीज गेली, असं घडतं. रीसेट दाबलं की काम झालं.

सॉकेटवर वीज आहे तर प्लग काढा आणि बोर्डवरचा १२० व्होल्टचा फ्यूज तपासा, बऱ्याच मॉडेलमध्ये तो ५ अँपिअरचा असतो. तो शाबूत असेल तर हीटरच्या दोन वायरी बोर्डावरून सोडवून ओहम मोजा. १२० चा वर्ग भागिले हीटरवर छापलेले वॅट, एवढं साधं गणित आहे. ३२५ वॅटच्या हीटरला सुमारे ४४ ओहम, ३०० वॅटला ४८, ४०० वॅटला ३६. मीटर अनंत दाखवत असेल तर हीटर तुटला आहे. आकडा बरोबर आहे आणि तरीही हीटरपर्यंत व्होल्टेज येत नाही, तेव्हा कुठे बोर्डावरचा रिले, म्हणजे हीटरची वीज चालू-बंद करणारा स्विच, संशयित ठरतो.

‘ऑटो’वर ठेवलेल्या फ्रिजमध्ये हा बिघाड लपून राहतो. वीज मिळाली नाही की तो गुपचूप गॅसवर जातो आणि आतलं दूध थंडच राहतं. आठवड्याने टाकी रिकामी झाली की मग शोध सुरू होतो. कॅम्पग्राउंडला पोहोचल्यावर पॅनेलवर ‘एसी’चा (म्हणजे इथे १२० व्होल्टच्या विजेचा) दिवा आहे का, एवढं बघायची सवय लावा.

विजेवर चालतो, गॅसवर नाही. हा विजेचाच प्रश्न आहे का?

असू शकतो. गॅसचा व्हॉल्व्ह उघडायला आणि ठिणगी पाडायला १२ व्होल्टच लागतात. व्होल्टेज कमी असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो किंवा ठिणगी कमजोर पडते. काही प्रयत्न फसले की बोर्ड गॅस बंद करतो आणि ‘चेक’चा दिवा लावतो. ज्योत पेटते पण काही सेकंदांत विझते, तर ज्योत ओळखणारा भाग किंवा पुन्हा तेच ग्राउंड तपासा.

मात्र ५,५०० फुटांच्या वर गॅसची ज्योत अशीही नीट जळत नाही, आणि तिथे उत्पादक शक्यतो विजेवर चालवायला सांगतात. यलोस्टोनचं पठार ८,००० फुटांच्या आसपास आहे आणि तिथल्या कॅम्पग्राउंडपैकी विजेची जोडणी फक्त फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कमध्ये मिळते. बुकिंग करताना हे लक्षात ठेवा.

फ्रिज चालू केला की ब्रेकर किंवा जीएफसीआय पडतो.

फ्रिजचा प्लग काढून ब्रेकर चढवा. टिकला, तर दोष फ्रिजमध्ये. बहुतेक वेळा हीटरच्या नळीला आतून चीर गेलेली असते, ओल शिरते आणि करंट बाहेरच्या धातूला लागतो. हीटरच्या वायरी सोडवून प्रत्येक वायर आणि हीटरची धातूची नळी यांच्यात ओहम मोजा. काहीही आकडा आला तर हीटर बदला. तोपर्यंत फ्रिज गॅसवर चालवता येईल, पण ब्रेकर पुन्हा पुन्हा चढवून विजेवर चालवायचा प्रयत्न अजिबात करू नका. गाडी धातूची असते, आणि ओल्या गवतावर अनवाणी उभ्या असलेल्या मुलाच्या हाताखाली तिच्याच दाराची कडी असते.

खांबावरच्या विजेत दोष असू शकतो का?

हो, आणि कडक उन्हाळ्यात तो नेहमीचा. सगळ्यांचे एसी एकदम चालतात तेव्हा जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये व्होल्टेज घसरतं. १२० व्होल्टच्या उपकरणासाठी १०८ ते १३२ ही सुरक्षित मर्यादा माना. १०० व्होल्टवर फ्रिजचा हीटर जेमतेम ७० टक्के उष्णता देतो. फ्रिज चालू दिसतो, पण दुपारी आतलं तापमान चढत जातं. अशा वेळी फ्रिज गॅसवर टाका, आणि एसी तर बंदच करा, कारण कमी व्होल्टेजवर त्याचा कॉम्प्रेसर जास्त करंट ओढून तापतो.

३० अँपिअरचं सॉकेट १२० व्होल्टचं असतं, ५० अँपिअरच्या सॉकेटात १२० व्होल्टच्या दोन वेगळ्या बाजू असतात. घरच्या आवारात आरव्हीसाठी ३० अँपिअरचं सॉकेट बसवून घेताना इलेक्ट्रिशियन कधी कधी ते कपड्यांच्या ड्रायरसारखं २४० व्होल्टचं जोडतो. प्लग लावताक्षणी कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह आणि फ्रिजचा बोर्ड जळतात. नवीन सॉकेट मोजल्याशिवाय गाडी जोडू नका. कमी-जास्त व्होल्टेजला वीज तोडणारं ईएमएस नावाचं उपकरण मिळतं. ते महाग वाटतं, पण एका बोर्डाच्या किमतीशी तुलना करा.

गाडी चालवताना फ्रिज १२ व्होल्टवर ठेवला, मुक्कामी पोहोचलो तर बॅटरी संपलेली.

१७५ वॅटचा १२ व्होल्ट हीटर जवळजवळ १५ अँपिअर ओढतो. १०० अँपिअर-तासाची लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्यापर्यंतच वापरायची असते, म्हणजे साडेतीन तासांत खेळ आटोपला. आरव्ही ट्रेलर असेल तर ओढणाऱ्या गाडीकडून सात पिनच्या कनेक्टरमधून येणारी चार्जिंगची वायर लांब आणि बारीक असते, ती एवढी भरपाई करू शकत नाही. त्या वायरीचा फ्यूज उडालेला असेल तर भरपाई शून्य.

माझा सल्ला असा: आदल्या रात्रीच घरी १२० व्होल्टवर फ्रिज पूर्ण थंड करा, आत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवा आणि तीन-चार तासांचा टप्पा असेल तर फ्रिज बंद ठेवूनच निघा. दार उघडलं नाही तर थंडावा टिकतो. जेवायला थांबाल तेव्हा १२ व्होल्टचं बटण आठवणीने बंद करा.

१२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज पहाटे बंद पडतो आणि ऊन आलं की आपोआप सुरू होतो.

तो बॅटरी वाचवतोय. यांतल्या कित्येक फ्रिजमध्ये पूर्वी डॅनफॉस आणि आता सेकॉप नावाने मिळणारे बीडी मालिकेतले कॉम्प्रेसर असतात. त्यांचा कंट्रोलर १२ व्होल्टच्या व्यवस्थेत मूळ सेटिंगला १०.४ व्होल्टवर बंद करतो आणि ११.७ झाल्याशिवाय परत सुरू करत नाही. हे व्होल्टेज कंट्रोलरच्या टोकाशी मोजलेलं असतं, त्यामुळे वायर बारीक असेल तर बॅटरीत जीव असूनही फ्रिज थांबतो. कंट्रोलरला एलईडी जोडलेला असेल तर तो किती वेळा लुकलुकतो ते मोजा: एक म्हणजे कमी व्होल्टेज, दोन म्हणजे पंख्याचा करंट जास्त, तीन म्हणजे मोटर सुरू होत नाही, चार म्हणजे मोटरचा वेग फार कमी, पाच म्हणजे कंट्रोलर तापला. एक आणि तीन दिसले तर जाड वायर टाकून बघा. कॉम्प्रेसर बदलायची घाई नको.

इन्व्हर्टरवरचा घरगुती फ्रिज अचानक बंद झाला तर?

इन्व्हर्टरचं पॅनेल बघा. कमी बॅटरीमुळे तो थांबला असेल, किंवा वीज वाचवणाऱ्या ‘सर्च मोड’मध्ये असेल आणि फ्रिजचा छोटा भार त्याला जाणवत नसेल. तो मोड बंद करा. खांबाची वीज असतानाही फ्रिज मेलेला असेल तर इन्व्हर्टरवरचा स्वतःचा ब्रेकर तपासा.

मेकॅनिक म्हणतो, बोर्ड बदला. बदलू का?

आधी त्याला तीन आकडे विचारा: भार चालू असताना फ्रिजच्या टर्मिनलवर किती डीसी व्होल्ट, सॉकेटवर किती एसी व्होल्ट, हीटरचे किती ओहम. तिन्ही बरोबर असतील तरच बोर्ड. हे आकडे न घेता बोर्ड बदलला तर गंजलेलं ग्राउंड तसंच राहतं आणि नवा बोर्डही तीच तक्रार करतो.

सगळीकडे वीज पोहोचते, हीटर गरम आहे, तरी आत थंड नाही.

मग हा विजेचा बिघाड नाही. गाडी सपाट उभी आहे का ते बघा, वाकड्या उभ्या गाडीत नळ्यांमधला द्रव अडकतो आणि तसंच चालू ठेवलं तर नळ्या कायमच्या खराब होतात. मागच्या जाळीत पक्ष्यांचं घरटं किंवा पालापाचोळा नाही ना, तेही बघा. सुरू केल्यापासून किती वेळ झाला? या फ्रिजला थंड व्हायला रात्रभर लागते. अमोनियाचा उग्र वास आला किंवा मागे पिवळी पूड दिसली तर नळी फुटली आहे. फ्रिज ताबडतोब बंद करा, गॅस बंद करा, खिडक्या उघडा आणि सगळ्यांना बाहेर काढा.

मागे एक छोटी पेटी आहे, ती फ्रिजची वीज तोडते. तिला वगळून थेट जोडू का?

नाही. आग लागण्याच्या धोक्यामुळे डोमेटिकने २००६ मध्ये काही मॉडेलचे आणि नॉरकोल्डने २०१० मध्ये त्यांच्या १२०० मालिकेतले फ्रिज दुरुस्तीसाठी परत बोलावले होते. नळ्या प्रमाणाबाहेर तापल्या की फ्रिज थांबवणारे भाग अशा दुरुस्तीत बसवले गेले. त्या पेटीने वीज तोडली असेल तर ती तिचं काम करते आहे. जुनी आरव्ही घेताना फ्रिजचा मॉडेल आणि सिरियल नंबर उत्पादकाकडे तपासून घ्या.

रात्रभर फ्रिज बंद होता. आतलं खायचं का?

४० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४ अंश सेल्सिअस, ही मर्यादा. दार बंद राहिलं तर अन्न साधारण चार तास सुरक्षित राहतं. शिजवलेला भात, डाळ, दूध, पनीर, मांस मर्यादेच्या वर दोन तासांहून जास्त राहिलं तर टाकून द्या. वास चांगला येतो म्हणून ठेवू नका. लोणचं, तूप आणि कोरड्या चटण्यांना काही होत नाही. फ्रिजमध्ये एक दहा डॉलरचा थर्मामीटर ठेवला तर अंदाज करावा लागत नाही.

अमेरिकेतला आरव्ही फ्रिज भारतात नेऊन कॅराव्हॅनमध्ये बसवता येईल का?

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून हा प्रश्न येतो. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज खुशाल न्या, बॅटरी तिथेही तीच आहे. अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिजचा १२० व्होल्टचा हीटर मात्र २३० व्होल्टला थेट जोडला तर साडेतीन पटींहून जास्त वीज ओढेल आणि जळेल. त्यासाठी पुरेशा वॅटचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावा, किंवा त्या मॉडेलसाठी २३० व्होल्टचा हीटर मिळत असेल तर तो बसवा आणि बोर्ड त्या व्होल्टेजला चालतो का हे उत्पादकाला विचारूनच पुढे जा.